फिरायला निघायच्या आधी पिल्लू नुसतं उधळतं, शांत कसं करायचं?

मोरपीस
आमच्याकडे पाच महिन्यांची झिपरी आहे. मध्यम चणीची, मिश्र जातीची. एरवी फार गुणी पिल्लू. शी-शूची सवय लागली आहे, हातातला खाऊ अलगद घेते, रात्रभर छान झोपते. पण फिरायला निघायची वेळ झाली की घरात दुसरंच कुत्रं आल्यासारखं वाटतं. चपलांचं कपाट उघडल्याचा आवाज आला की सोफ्यावरून उडी, मग घरभर गोल गोल धावणं आणि भुंकणं. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज) हातात घेतला की त्याचे पट्टे दातात धरून ओढते. कसाबसा तो चढवून दारापाशी आलो की फटीला नाक लावून किंचाळते आणि कडी काढताक्षणी बाहेर झेप घेते. जिना उतरताना सगळी ओढाओढ. खाली गेल्यावरही बराच वेळ ती कुणाचं ऐकत नाही. मग हळूहळू निवळते आणि उरलेलं फिरणं मजेत होतं.

मी हे निभावून नेते. पण सकाळी आईला तिला घेऊन जायचं आहे. आईचा झिपरीवर फार जीव आहे, आणि आईचा एक गुडघा दुखरा आहे. जिन्यात हिसका बसला तर काय, या विचाराने मी अजून लीश तिच्या हातात दिलेली नाही.

आणखी एक सांगते. झिपरीला दटावून गप्प करायचं नाही. बाहेर जायचा आनंद तिला व्हायलाच हवा. तो चारही पाय जमिनीवर ठेवून व्हावा, एवढंच मागणं आहे. ज्यांनी हे टप्प्याटप्प्याने केलंय त्यांनी कृपया बारीकसारीक तपशिलांसकट लिहा.

निळा_पतंग
आमच्याकडेही हेच चालू आहे. फरक इतकाच की आमचा हार्नेस पाहून आधी पलंगाखाली जातो आणि अंगावर चढला की उड्या मारायला लागतो. वाचतोय.

रानवाट
मोरपीस, जरा लांबलचक लिहितो. बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन पिल्लांना शिकवतो आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो.

झिपरीचं फिरणं चपलांच्या कपाटापाशीच सुरू होतं. कदाचित त्याच्याही आधी. तुम्ही कपडे बदलता, फोन खिशात टाकता, किल्ल्या उचलता, आवाज जरा चढवून "चला" म्हणता. या प्रत्येक गोष्टीनंतर बाहेर जाणं होतं हे तिने टिपून ठेवलंय. इव्हान पावलोव्ह पचनक्रियेचा अभ्यास करत होते, १९०४ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. अन्न समोर यायच्या आधीच, ते आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेसुद्धा कुत्र्यांना लाळ सुटते हे तिथेच लक्षात आलं. तुमच्या कपाटाचा आवाज म्हणजे झिपरीसाठी ती चाहूल. अंगात येणारी ती पहिली उसळी तिच्या हातात नसते, म्हणून त्यासाठी तिला रागावून उपयोग नाही.

त्याच्या पुढचं मात्र ती शिकली आहे. उडी मारली, हार्नेस आला. भुंकली, कडी निघाली. झेप घेतली, जिन्यात पोचली. तिच्या हिशेबाने उड्या मारल्यामुळेच दार उघडतं, आणि आजवर रोज तसंच घडलंय. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेलं एक तत्त्व इथे फार कामाला येतं. जे करायला जीव आसुसलेला असतो, तेच कमी आवडीच्या गोष्टीचं बक्षीस होऊ शकतं. दारात उभ्या पिल्लाला खाऊ दिला तर कित्येकदा ते तो तोंडातून टाकून देतं, कारण त्या क्षणी त्याला दार हवं असतं. मग दारच बक्षीस म्हणून वापरायचं.

सुरुवात फिरायच्या वेळेला करू नका. ती झोपून उठलेली आहे, शू करून आली आहे, फार भुकेली नाही, अशी वेळ निवडा. हार्नेस घेऊन दारापासून लांबच्या खोलीत जमिनीवर बसा. वाकून उभं राहू नका, अंगावर झुकलेला माणूस बऱ्याच पिल्लांना नकोसा होतो. हार्नेस नुसता मांडीवर ठेवा. शांतपणे पाहिलं, हुंगलं, की खाऊ. मग गळ्याचा भाग एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने पलीकडून खाऊ दाखवा. डोकं तिने घालायचं, आपण चढवायचं नाही. मागे घेतलं तर घेऊ द्या. आपणहून घालायला लागली की पट्टा पोटाखालून आणा, मग नुसता बकलचा आवाज ऐकवा, मग बकल लावून लगेच काढा. प्रत्येक पायरीला खाऊ. दोन-तीन मिनिटांत आवरतं घ्या, ती कंटाळायच्या आत. पट्टे दातात धरले तर हिसकावू नका, त्याचा ओढाओढीचा खेळ होतो. हात सैल सोडा, तिने सोडला की पुन्हा सुरू.

दाराचा सराव वेगळा, हार्नेसचा वेगळा. दार आधी घरातल्या एखाद्या खोलीचं घ्या. कडीकडे हात न्या. चारही पाय जमिनीवर राहिले तर कडी थोडी सरकवा. उडी आली तर हात परत खाली. तोंडाने काही बोलायचं नाही. "बस, बस, अगं बस ना" असं चालू ठेवलं की तो आवाजही गोंधळात भर घालतो. हात पुढे जातो आणि मागे येतो, यातून तिला सगळं कळतं. पिल्लांना हे किती लवकर उमगतं ते पाहून मला अजूनही नवल वाटतं. दार आधी बोटभर, मग वीतभर, मग पूर्ण. त्यानंतर एक ठरलेला शब्द, जो ऐकल्यावरच उंबरठा ओलांडायचा. बाहेरच्या दारावर आलात की सरावातसुद्धा लीश लावलेली हवी.

आणि एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. बसलेलं पिल्लू शांत असेलच असं नाही. थरथरत, कुंईकुंई करत, डोळे ताणून बसलेल्या पिल्लाने उडी फक्त दाबून धरलेली असते. "चल" म्हटलं की ते दुप्पट जोरात सुटतं. शांतपणा अंगात पाहायचा. स्नायू सैल आहेत, खाऊ दात न लावता घेते, दारावरची नजर काढून तुमच्याकडे वळवू शकते. उभं पण सैल असलेलं पिल्लू मला चालतं. ताठ बसलेलं असेल तर मी दार उघडत नाही.

कडाकपारी
रानवाट, मेहनत दिसते, पण हे फार लांबण वाटतं. आमच्या घरी पूर्वीपासून कुत्री आहेत. नियम एकच, माणूस आधी बाहेर आणि कुत्रा मागून. घरात मोठं कोण हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप जमतं. उडी मारली की मान धरून खाली बसवायचं, दुसऱ्यांदा मारत नाही. कुत्रा कळपातला प्राणी आहे, त्याला म्होरक्या लागतो.

कातळ
कडाकपारी, तुमच्या अनुभवाचा मान राखून लिहितो. म्होरक्याची ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावर लिहिलं. एका जागी कोंडलेले लांडगे जागेसाठी आणि मानासाठी भांडताना दिसले. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द घराघरात पोचला. त्याच मेक यांनी मोकळ्या रानातले कळप पाहून १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे अल्फा हा शब्द बसत नाही. लांडग्यांच्या बाबतीतच हे इतकं डळमळीत, तर माणसाच्या घरात वाढलेल्या कुत्र्याला ते लावायचं कशाला?

मान धरून बसवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. दटावून, झटके देऊन शिकवणाऱ्या वर्गांतली कुत्री आणि बक्षिसावर शिकवणाऱ्या वर्गांतली कुत्री त्यांनी ताडून पाहिली. पहिल्या गटात शिकवणीच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त होती आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तेही जास्त वाढलेलं होतं. पिल्लू उडी मारायचं थांबतं हे खरं, पण घाबरून थांबतं. पाच महिन्यांच्या जिवाला आपल्या हाताची भीती का घालायची?

कडाकपारी
लांडग्यांचं हे माहीत नव्हतं, वाचेन. पण जिन्यात माणूस आधी उतरला पाहिजे यावर मी ठाम आहे. मोरपीस यांच्या आईसाठी तर नक्कीच.

रानवाट
त्याला माझं पूर्ण अनुमोदन. कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते पुरेसं आहे. जिन्यात झिपरी आईच्या पुढे नको, बाजूला किंवा अर्धी पायरी मागे हवी. ते शिकवता येतं.

सुईदोरा
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. शिकवण्यातलं रानवाट यांनी लिहिलंच आहे, मी शरीराच्या बाजूने काही लिहिते.

सकाळचं पहिलं बाहेर जाणं सरावात धरू नका. रात्रभर थांबलेल्या पिल्लाला शू लागलेली असते आणि त्याला दारात संयम शिकवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यातून घरात शू झाली तर ते गोंधळून जातं. सकाळी साधा गळपट्टा आणि लीश लावून, न बोलता, लगेच खाली. शू झाली की वर. खरं फिरणं त्यानंतर, हार्नेस घालून. म्हणजे हार्नेसचा अर्थ कायम 'शांतपणे निघणं' असा राहतो आणि घाईच्या वेळचा गोंधळ त्याला चिकटत नाही.

हार्नेस पाहून पलंगाखाली जाणाऱ्या पिल्लाचं वेगळं आहे, निळा_पतंग. आधी काखेत हात घालून पाहा. तिथे केस गळलेत का, लाली आहे का, पट्टा घासतो का. पाच-सहा महिन्यांत पिल्लू इतकं वाढतं की आधी नीट बसणारा हार्नेस आता आवळत असतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा असेल तर खांदे मोकळे राहतात. सगळं ठीक दिसूनही तो दडत असेल, हात लावला की अंग चोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

झोपेकडेही पाहा. लहान पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, झिपरीच्या वयालाही बरीच झोप लागते. संध्याकाळी घरभर सुसाट धावणारी पिल्लं पुष्कळदा दमलेली असतात. अशा वेळी फिरायला नेण्यापेक्षा अंधाऱ्या शांत कोपऱ्यात झोपवणं बरं. खाऊचे तुकडे नखाएवढे करा. दिवसभराच्या उष्मांकांत खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असं सर्वसाधारणपणे सांगतात, सरावाच्या दिवशी जेवण तेवढं कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा यांतलं काहीही नको.

मोरपीस
सगळ्यांचे मनापासून आभार. हार्नेसचा सराव सुरू केला आणि ती डोकं घालायला लागली आहे. दाराशी मात्र अडलोय. कडीवरून हात मागे घेतला की ती आधीपेक्षा जास्त भुंकते, आता तर दारावर पंजे मारते. हे बिघडतंय का? शेजाऱ्यांनाही त्रास होतो.

रानवाट
बिघडत नाहीये. रोज चालणारी युक्ती अचानक चालेनाशी झाली की पिल्लू तीच युक्ती आणखी जोरात करून पाहतं. वर्तनशास्त्रात हे नेहमी दिसतं. नेमक्या त्या टोकाला दार उघडलं गेलं, तर ते शिकतं की आणखी जोरात भुंकायला हवं. पण म्हणून दारात पुतळा होऊन उभं राहा असंही मी सांगणार नाही. ते पिल्लालाही छळणारं आहे आणि शेजाऱ्यांनाही.

लागोपाठ तीनदा जमलं नाही तर पायरी मोठी आहे असं समजा आणि मागे या. कडीला हात लावणं जमत नाही? मग दारापासून चार पावलं लांब उभं राहणं. तेही नाही? दाराकडे पाठ करून खोलीत चालणं आणि खाऊचे दोन-चार तुकडे जमिनीवर विखरणं. नाक खाली गेलं, हुंगायला लागली, की अंग आपोआप सैल होतं.

तिची उत्तेजना हळूहळू भरत जाणाऱ्या भांड्यासारखी असते. कपाटाचा आवाज, किल्ल्या, हार्नेस, कडी, प्रत्येकाची थोडी थोडी भर. दारापाशी येईपर्यंत ते काठोकाठ भरलेलं असतं, तिथे शेवटच्या क्षणी काही शिकवता येत नाही. म्हणून आधीचं कमी करा. चपला आधीच दाराबाहेर काढून ठेवा, किल्ल्या खिशात आधीच टाका. निघायच्या आधी थोडा वेळ काहीच घडू देऊ नका.

पायवाट
इथे एक नेहमीचा सल्ला दिला जातो, की दिवसभरात अनेकदा किल्ल्या वाजवा, लीश उचला आणि कुठेच जाऊ नका, म्हणजे त्या आवाजाचा अर्थ पुसला जातो. मला ते फारसं पटत नाही. पिल्लू दर वेळी आशेने उठतं आणि दर वेळी त्याची निराशा होते. आमच्या घरात असं करून पिल्लू शांत होण्याऐवजी चिडचिडं झालं.

रानवाट
पायवाट, मुद्दा रास्त आहे. नुसती निराशा पदरी टाकली तर तसंच होतं. मी हे फार थोड्या वेळा करतो आणि रिकाम्या हाताने कधीच नाही. लीश उचलली, पिल्लाने पाहिलं, पडून राहिलं, तर त्याच्या जागेवर जाऊन खाऊ ठेवला आणि लीश परत टांगली. म्हणजे लीश उचलली की जागेवर पडून राहणं फायद्याचं ठरतं. उठून धावत आलं तर काही नाही, लीश परत खुंटीला. फिरायच्या वेळेच्या जवळपास हे अजिबात करू नका.

पायवाट
असं असेल तर मान्य. आणि घरातल्या सगळ्यांशी आधी बोलून घ्या, मोरपीस. आमच्याकडे आम्ही शांतपणे निघायचो आणि धाकटा मुलगा "कोण येणार भूऽऽर?" म्हणत उड्या मारायचा. त्याला दटावलं नाही, एक काम दिलं. पिल्लाच्या चटईपाशी बसून कुजबुजत्या आवाजात खाऊ द्यायचा. त्याला ते इतकं आवडलं की आता तोच इतरांना हळू बोलायला सांगतो.

कातळ
याला पूर्ण अनुमोदन. बक्षीस कधी मिळतं आणि कधी नाही, अशी सवय सर्वांत चिवट असते. घरातल्या एकाने जरी अधूनमधून उड्या मारणाऱ्या पिल्लाला तसंच बाहेर नेलं, तर त्या उड्या फार काळ टिकतात.

मोरपीस
कळवायला जरा वेळ झाला. हार्नेस आता ती स्वतः येऊन घालून घेते. दारात बहुतेक दिवशी उभी राहून माझ्याकडे पाहते. पाहुणे असले किंवा खालून दुसऱ्या कुत्र्याचा आवाज आला की उड्या येतात, पण मागे फिरून खाऊ विखरला की सावरते. सकाळचा वेगळा गळपट्टा हा सल्ला फार उपयोगी पडला. अडचण उरली ती जिन्याची. दोन मजले आहेत. पहिल्या पाच-सहा पायऱ्या नीट आणि मग ओढ.

रानवाट
उत्तम चाललंय. जिन्याला एकच लांब वाट समजू नका, प्रत्येक मजल्याच्या चौथऱ्यावर नवं दार आहे असं समजा. पहिल्या चौथऱ्यावर थांबा, लीश सैल झाली की पुढे. काही दिवस नुसतं एक मजला उतरून परत वर घरात. कंटाळवाणं वाटेल, पण जिना म्हणजे दर वेळी बाहेर जाणं असं उरत नाही. लीश दीड-दोन मीटरची साधी घ्या, आपोआप गुंडाळणारी जिन्यात नको. खाऊ तुमच्या पायाच्या शिवणीपाशी, तिच्या नाकाच्या उंचीवर द्या, म्हणजे ती बाजूलाच राहते.

आईंच्या बाबतीत एक विनंती. लीश मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये. सुरुवातीला तुम्हीच झिपरीला खाली आणा, आई खाली थांबतील आणि तिथून लीश घेतील. जिना आईंकडे सर्वांत शेवटी द्यायचा, आणि झिपरी तुमच्याबरोबर तो रोज सैल लीशने उतरते आहे याची खात्री झाल्यावरच.

खाली पोचल्यावर लगेच चालायला लागू नका. तिला एका जागी मनसोक्त हुंगू द्या. २०१९ मध्ये दुरांतों आणि होरोविट्झ या संशोधकांनी दाखवलं की काही काळ नाकाने शोधायचे खेळ खेळलेली कुत्री, नुसती पायापाशी चालायला शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा संदिग्ध गोष्टीकडे, म्हणजे खाऊ असेल की नाही हे नक्की नसलेल्या भांड्याकडे, जास्त आशेने पाहत होती. फिरणं अंतरावर मोजू नका. सुरुवातीचा हा हुंगण्याचा वेळ दिला की पुढची ओढ बरीच कमी होते.

सुईदोरा
आणखी एक, आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर मन खट्टू व्हायला नको. आठ महिन्यांच्या आसपास ती सगळं विसरल्यासारखी वागू शकते. 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये २०२० साली आलेल्या अभ्यासात कुत्री पाच महिन्यांची असताना जितकी ऐकत होती, त्यापेक्षा आठ महिन्यांची झाल्यावर आपल्याच माणसाचं कमी ऐकत होती. अनोळखी माणसाचं ऐकण्यात तशी घट दिसली नाही, आणि हा काळ सरतो. तेव्हा कठोर होऊ नका, पायऱ्या लहान करा आणि झोप सांभाळा.

निळा_पतंग
सुईदोरा, काखेत खरंच घासत होतं. मोठ्या मापाचा हार्नेस आणला, आता पलंगाखाली जात नाही. उड्यांवर काम सुरू केलंय. एक विचारतो, आमच्याकडे आता दुसरंही येणार आहे, बहिणीचं मोठं कुत्रं काही महिने राहायला. दोघांना एकत्र कसं शिकवायचं? एक उठला की दुसरा उठणारच.

रानवाट
एकत्र शिकवायचंच नाही, निदान सुरुवातीला. एकाला शिकवताना दुसरा बंद दाराआड, चघळायला काहीतरी देऊन. दोघांचं स्वतंत्रपणे जमलं की एकाला चटईवर बसवा, घरातलं दुसरं माणूस त्याला खाऊ देत राहील, आणि तुम्ही दुसऱ्याला हार्नेस घाला. मग अदलाबदल. जास्त शांत असेल त्याला आधी घाला, कारण उतावळ्याला आधी घातला तर दुसऱ्याचं होईपर्यंत त्याला सगळा वेळ दारात काढावा लागतो. बाहेर पडायचा शब्द दोघांसाठी एकच ठेवू नका. नाव घेऊन एकेकाला सोडा आणि दुसऱ्याने आपलं नाव येईपर्यंत थांबल्याबद्दल त्याला तिथेच खाऊ द्या. पहिले काही आठवडे दोन माणसं आणि दोन लीश, एका हातात दोघांना धरायची घाई नको.